गवतावर उतरण्याआधी

धुळे, १८ मे

प्रिय मित्रा,

परवा रात्री फोनवर तू बोलता बोलता सांगून गेलास, "जुलैत जॉन्सन क्रीकला उतरणार, हिला आणि पोरीला घेऊन." फोन ठेवला आणि मी बराच वेळ अंगणात बसून राहिलो. आनंद झाला, खरंच झाला. अमळनेरच्या गच्चीवर पाठीवर पडून विमानं मोजणारे आपण दोघं. त्यातला एक आता अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात, गवताच्या पट्टीवर स्वतःच्या हातानं विमान टेकवणार. पण काळजीही वाटली, आणि ती फोनवर नीट सांगता आली नसती. म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, वाचून काढ.

आत्ता दुपारचे चार वाजलेत. पारा ४४ वर आहे. हँगरच्या दाराचा पत्रा हात लावू देत नाही आणि आपल्या गोंदूर विमानतळाच्या धावपट्टीवर हवा पाण्यासारखी हलताना दिसते. आठवतं, शिकत असताना अशाच एका दुपारी आपल्या सरांनी तुला आणि मला कागद-पेन्सिल दिली होती आणि विचारलं होतं, विमान आत्ता किती उंचीवर उभं आहे? तू म्हणालास, नऊशे फुटांच्या आसपास. सर म्हणाले, ते नकाशावर. विमानाला काय वाटतंय ते सांग. मग आपण हिशेब केला. पुस्तकातल्या प्रमाण हवेच्या हिशेबानं नऊशे फुटांवर हवा १३ अंशांची असायला हवी, आहे ४४. प्रत्येक जादा अंशाला १२० फूट धरले की उत्तर आलं ४,६०० फूट. म्हणजे धुळ्यात उभं असलेलं विमान मे महिन्यात महाबळेश्वरपेक्षाही वर उभं असतं. तापलेली हवा पातळ होते. पंखाला तिचा आधार कमी मिळतो, इंजिनाचा घास लहान होतो, पंख्याची पकड सुटते. विमानाला वाटणाऱ्या या उंचीचा डेन्सिटी अल्टिट्यूड हा शब्द आपण पुस्तकात नंतर वाचला, आधी तो खान्देशच्या उन्हानं शिकवला.

आता तोच हिशेब तुझ्या पट्टीला लाव. जॉन्सन क्रीक सुमारे ४,९०० फुटांवर आहे, पट्टी ३,४०० फूट लांब. लांबी ऐकून माणूस निर्धास्त होतो. जुलैच्या दुपारी तिथं ३० अंश झालं, तर विमानाच्या लेखी तू ७,९०० फुटांवर आहेस. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. त्याच्या माथ्यावर आणखी अडीच हजार फूट चढून जा, तिथं ती पट्टी ठेव, आणि मग विचार कर. पण सकाळी सातला, आठ अंश असताना पोहोचलास, तर हाच आकडा ५,२०० च्या आसपास येतो. तेच विमान आणि तीच पट्टी, फरक फक्त घड्याळाचा.

म्हणून पहिलं आणि हट्टाचं सांगणं: सकाळीच जा. दुपारी उतार तापले की वारं दरीतून वर चढायला लागतं, डोंगराच्या कडेला हेलकावे सुरू होतात, आणि पुढं ढग जमतात ते वेगळंच. कड्यावरून वारं पंचवीस नॉटच्या, म्हणजे ताशी ४६ किलोमीटरच्या वर असेल असं हवामानात दिसलं, तर त्या दिवशी जाऊच नकोस. पोरीला दिलेला शब्द मोडला तरी चालेल, ती दोन दिवस रुसेल.

आता मी गेल्या सप्टेंबरात तुझ्याकडे आलो होतो तेव्हाचं सांगतो. तू कामात अडकला होतास आणि मी एका स्थानिक इन्स्ट्रक्टरबरोबर तिथं जाऊन आलो. त्या दिवसाबद्दल तुला सगळं बोललो, दरी किती सुंदर होती, पाइनच्या वासानं कॉकपिट कसं भरलं. एक गोष्ट मात्र बोललो नव्हतो.

निघायला उशीर झाल्यामुळं पोहोचेपर्यंत दुपार व्हायला आली होती. आधी वरून फेरी मारली, पट्टी पाहिली, मग दरीतच उतरण्याआधीचा ठरलेला फेरा, सर्किट, धरला. दोन्ही बाजूंना झाडांनी भरलेले उतार, आणि मध्ये ओढ्याकाठी तो हिरवा तुकडा. फायनलवर, म्हणजे पट्टीच्या रेषेत उतरायच्या शेवटच्या टप्प्यावर आलो. पंखामागचे फ्लॅप पूर्ण खाली, वेगाचा काटा ६१ नॉटवर. सगळं बरोबर होतं. आणि तरी मला वाटायला लागलं की आपण फार जोरात आलोय. खालची झाडं, कुंपण, गवत, सगळं सपासप मागं पळत होतं. इतकी वर्षं शिकवतोय, पण डोळ्यांनी जे सांगितलं ते हातानं ऐकलं. थ्रॉटल थोडं मागं आलं, नाक थोडं वर गेलं. कधी गेलं ते मला कळलंसुद्धा नाही.

शेजारचा माणूस साठीतला, फार न बोलणारा. त्यानं कंट्रोलला हात लावला नाही. फक्त तर्जनीनं वेगाच्या डायलच्या काचेवर दोनदा टकटक केलं. पाहिलं तर काटा ५४ वर आला होता आणि आणखी खाली सरकत होता. नाक खाली केलं, थ्रॉटल पुढं, काटा परत ६१ वर आला आणि आम्ही व्यवस्थित टेकलो. त्या बोटाचा आवाज मला अजून ऐकू येतो. नखाखाली ग्रीसची काळी रेघ होती, तीसुद्धा डोळ्यांपुढं आहे.

मित्रा, हे पत्र लिहायचं खरं कारण हे आहे. डायलचा काटा हवेचा दाब मोजतो, जमिनीवरचा वेग नाही. पंख स्टॉल होतो, म्हणजे हवेचा आधार सोडतो, तोही त्या दाबाच्या हिशेबानं, म्हणून डोंगरावर असो की गोंदूरला, काट्यावरचा आकडा तोच धरायचा. पण पातळ हवेत तेवढा दाब मिळवायला विमान जास्त जोरात धावतं. ७,९०० फुटांच्या हवेत काट्यावरचे ६१ म्हणजे प्रत्यक्षात ६९ च्या जवळ. डोळ्यांना हे आठ नॉट दिसतात आणि ते घाबरतात. त्या घाबरण्यापायी हात विमान हळू करतो, आणि जमीन जवळ असताना पंखाखालची हवा संपते. आपल्याला वाटतं सुरक्षित केलं, आणि नेमकं त्याच क्षणी सगळ्यात धोक्यात असतो.

उलटी चूकही तितकीच वाईट. भीतीपोटी "असू दे थोडा जादा वेग" म्हणून ७० नं आलास, तर विमान गवतावरून तरंगतच राहील. नुसता बरोबर वेग धरला तरी थांबायला जागा सव्वापट लागते, तिथं वरचे दहा नॉट कुठं जिरवणार? तुझ्या विमानाच्या पुस्तकात तुझ्या वजनाला जो आकडा दिलाय, तो धर. एक नॉट कमी नको, पाच जादा नकोत.

दुसरं, क्षितिज. आपण तापीकाठची माणसं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ सोडली तर चहूकडं मोकळी जमीन. नाक कुठं आहे हे आपल्याला आपोआप कळतं, त्याची किंमत दरीत गेल्यावर समजते. तिथं समोर क्षितिज नसतं, डोंगर असतो. त्याच्या कडेशी तुलना करून माणूस नाक वर धरतो आणि त्याला ते सरळ वाटतं. त्यात पट्टी चढती असेल, तर डोळे म्हणतात आपण फार उंच आलोय, आणि माणूस नकळत खाली खाली येत झाडांच्या शेंड्यांशी जातो. पुढं कधी आणखी वरच्या, एकाच बाजूनं उतरता येणाऱ्या पट्ट्यांवर जाशील तेव्हा हे फार कामी येईल. नजर पट्टीवर असूच दे, पण दर दोन श्वासांनी काटा.

तिसरं लाल मुठीचं, म्हणजे इंजिनात पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या मिक्श्चरचं. फायनलच्या आधी "मिक्श्चर फुल्ल रिच" हे आपल्या हाडांत मुरलंय, सरांनी ते हजार वेळा म्हणून घेतलं. डोंगरावर ते करू नकोस. पातळ हवेत पेट्रोल पूर्ण सोडलं तर इंजिन गुदमरतं. उतरताना ते जाणवत नाही, कारण तेव्हा ताकद मागितलेलीच नसते. ऐनवेळी हरीण आडवं आलं, थ्रॉटल पूर्ण ढकललं, तेव्हा कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. त्या उंचीला बेतूनच मिक्श्चर ठेवून खाली ये.

आणि गो-अराउंडचं, म्हणजे उतरणं सोडून परत वर जाण्याचं म्हणशील, तर त्याची जागा वरच्या फेरीतच ठरव. एखादं झाड, एखादं वळण पक्कं कर आणि मोठ्यानं बोल: इथपर्यंत वेग, उंची आणि रेघ जमली नाही तर मी वर जाणार. त्या खुणेनंतर मनात वाद घालत बसायचं नाही. थ्रॉटल पूर्ण दिलं की फ्लॅप लगेच २० अंशांवर आण, कारण पूर्ण फ्लॅप लावून सेसना १७२ विमान त्या हवेत चढतच नाही म्हण. वहिनींना आधीच सांगून ठेव की असं होऊ शकतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तू एकट्यानं ठरवलेलं असेल आणि शेजारी कोणी किंचाळलं, तर हात डगमगतो.

गवताबद्दल तुला मी काय सांगणार! तुझ्या वडलांबरोबर वावरात गाडी घेऊन जायचो तेव्हा काका लांबूनच हात करायचे, "तिकडून नको." आपल्याला सगळं सारखंच हिरवं दिसायचं. त्यांना त्यात पोपटी पट्टा दिसायचा, जिथं खाली पाणी मुरलेलं असायचं आणि चाक आसापर्यंत रुतायचं. वरच्या फेरीत ती नजर वापर. पट्टीवर कुठं रंग वेगळा दिसतो, कुठं गवत लव्हाळ्यासारखं उभं आहे, जनावरं कुठं आहेत, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक काय म्हणतोय, हे सगळं दोनदा बघ. घाई कसली?

सेसना १७२ चं पुस्तक कोरड्या गवतासाठी उतरतानाच्या धावेत ४५ टक्के वाढवायला सांगतं आणि उडतानाच्या धावेत १५ टक्के. उतरतानाचा आकडा इतका मोठा का, तर ब्रेकला पकड मिळत नाही. सकाळी जा म्हणालो खरं, पण सकाळी दव असतं, आणि दवातलं गवत साबण लावल्यासारखं. म्हणून ब्रेकच्या भरवशावर उतरू नकोस. मागची चाकं टेकली की योक, म्हणजे नाक वर-खाली करायचं सुकाणू, पोटाशी धरून ठेव, नाक जितका वेळ हलकं राहील तितकं राहू दे, आणि विमानाला गवतातच दमू दे. ३,४०० फूट त्याला पुरतात. पुढचं चाक आपटून ब्रेक दाबलास तर खड्ड्यात पंखा लागायला वेळ लागत नाही.

परत निघण्याचा विचार मात्र घरून निघतानाच कर. उतरण्याइतकी जागा असते आणि उडण्याइतकी नसते, असं डोंगरात होतं. त्या हवेत इंजिन पूर्ण थ्रॉटलला जेमतेम पाऊण ताकद देतं. टाकी काठोकाठ नको, तंबू आणि खाऊची खोकी नकोत. निम्म्या पट्टीवर उडण्याच्या वेगाचा ७० टक्के वेग आला नाही, तर थ्रॉटल बंद करून थांब. त्या निम्म्या जागी गवतात चुना टाकून किंवा रुमाल ठोकून खूण कर, अंदाजावर नको. तिथं सहसा दक्षिणेकडं तोंड करून उतरतात आणि उत्तरेकडं, दरी मोकळी होते त्या बाजूनं निघतात. तरी त्या दिवशीचं वारं बघून तिथल्या लोकांना विचार. आणि थंड वेळेतच निघ. दुपार झाली, तर मुक्काम कर. पोरगी खूश होईल.

एक मागणं आहे, आणि ते नाही म्हणू नकोस. पहिल्यांदा त्या दोघींना घेऊन जाऊ नकोस. आधी तिथल्या इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून दोनदा उतर, मग एकदा एकटा, रिकाम्या विमानानं. मग त्यांना ने. मी अठरा वर्षं लोकांना उतरायला शिकवतोय आणि तरीही त्या दिवशी मला कोणाच्या तरी बोटाची गरज लागली. तुझ्या शेजारीही पहिल्यांदा असं बोट असावं, एवढंच मला पाहिजे.

इकडं सगळं ठीक. आई तुझी आठवण काढते. आखाजीला तिनं खापरावरचे मांडे केले होते, तुझ्या नावानं एक बाजूला काढून ठेवला आणि संध्याकाळी गायीला घातला. केळीचं यंदा बरं आहे, फक्त वादळ न येवो. पांझरा पार कोरडी पडलीये.

तिथले सकाळचे साडेसात म्हणजे इथले संध्याकाळचे सात. ज्या दिवशी जाशील तो दिवस आधी कळव. मी त्या संध्याकाळी उड्डाणं ठेवणार नाही, फोन हातात घेऊन अंगणात बसेन. घरी परत पोहोचलास, विमान बांधलंस की लगेच कर, कितीही उशीर झाला तरी. काटा किती होता तेवढं पहिलं सांग.

तुझाच,
गोंदूरचा दोस्त