पप्या, गाडी घ्यायच्या आधी हे वाच

सोलापूर
गड्ड्याच्या जत्रेचा आठवडा

प्रिय पप्या,

स.न.वि.वि. (बघ, शाळेतलं अजून लक्षात आहे).

परवा फोनवर तू म्हणलास जर्मनीत, ब्रेमेनात सेकंडहँड बाईक बघून ठेवलीय, नावावर कशी करायची सांग, तवा गड्ड्यातल्या आवाजात काय ऐकू येईना म्हणून लिहितो म्हणलं. आता निवांत लिहायलोय. निवांत म्हणजे पप्पांच्या जुन्या गाडीला पंधरा वर्षं झाली, तिचं आरसी रिन्यू करायचंय, पण पप्पांचा एक ओळखीचा माणूस आहे तो सगळं बघायलाय, मला म्हणले तू मध्ये बोलू नको, तुला इथलं कळत नाही. बरोबरच आहे. आख्खी उमर एमएच १३ वर गाड्या फिरवल्या पण आरटीओत कुठली खिडकी कशाची हे मला आजपण माहीत नाही. जर्मनीतलं मात्र तोंडपाठ झालंय, कारण मी राहतो तिथल्या गाडी नोंदणीच्या ऑफिसात दोन चकरा मारल्या.

तर पहिलं म्हणजे गाडी बघायच्या आधी कागद बघ बे. तिथल्या लोकांच्या ओळखपत्रावर त्यांचा पत्ता असतो, ते कार्ड टाकून मोकळे. आपल्या पासपोर्टवर पत्ता सोलापूरचा, त्याचा त्यांना काय उपयोग. म्हणून पासपोर्टसोबत राहण्याच्या नोंदणीचा दाखला लागतो, मेल्डेबेशायनिगुंग. तू गेल्या गेल्या अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, केलास तवा दिला असेल, शोध. मग इन्शुरन्स. कंपनी एक सात अक्षरी कोड देते, त्याला ईव्हीबी म्हणतात, ऑनलाइन दहा मिनिटात ईमेलवर येतो, तो नसेल तर काउंटरवरची बाई कीबोर्डला हात लावत नाही. इथला नो क्लेम बोनस वगैरे मला तरी कुणी विचारला नाही, तिथं मी नवीन पोरगं.

आणि माझा घोळ ह्या कोडवरच झाला. आपल्या पासपोर्टवर कसं असतं, गिव्हन नेममध्ये आपलं नाव आणि पप्पांचं नाव एकत्र, मग आडनाव. इन्शुरन्सच्या फॉर्मवर मी शहाणपणा करून नुसतं माझं नाव आणि आडनाव टाकलं, म्हणलं छोटं बरं. काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट बघितला, स्क्रीन बघितली, परत पासपोर्ट बघितला आणि पप्पांच्या नावावर पेनाचं टोक ठेवून विचारलं, हे कोण? मी मोडक्या जर्मनमध्ये म्हणलं माझे वडील. ती म्हणली मग गाडी कुणाची, वडिलांची का तुमची? मागं लाईन, माझ्या हातात हेल्मेट, आणि मी बाईला महाराष्ट्रात मधलं नाव का लावतात ते सांगायलोय. शेवटी तिनं हसत हसतच पण परत पाठवलं. इन्शुरन्सवाल्याकडनं नाव सुधारून घेतलं, परत अपॉइंटमेंट, मध्ये दोन आठवडे गेले. तू फॉर्म भरशील तवा पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाईप कर, तुझ्या वडिलांच्या, तात्यांच्या नावासकट.

आता गाडीचे कागद. आपल्या आरसीसारखे तिथं दोन असतात. टाईल आइन्स म्हणजे पहिला भाग, तो गाडी चालवताना जवळ ठेवायचा. टाईल त्स्वाय म्हणजे दुसरा, तो कपाटात, सीटखाली चुकूनपण ठेवू नको. विकणारा म्हणला की दुसरा भाग नंतर देतो, तर पैसे देऊ नको, कर्ज असलं की तो बऱ्याचदा बँकेकडं अडकलेला असतो. आणि तपासणी बघ, ज्याला सगळे ट्युफ म्हणतात, दर दोन वर्षांनी. नंबरप्लेटवर गोल स्टिकर असतो, मधला आकडा वर्षाचा आणि वरच्या बाजूला जो आकडा येतो तो महिना. लांबूनच कळतं किती दिवस राहिलेत.

गंमत म्हणजे लायसन्स कुणी विचारत नाही, गाडी नावावर करायला ते लागतच नाही. पण चालवायला लागतं की! आपलं लायसन्स तिथं राहायला लागल्यापासून सहाच महिने चालतं, मग थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्यायच्या. थिअरी इंग्लिशमध्ये देता येते. तुझे चार महिने झाले का पाच? मोज. आणि लायसन्सचा क्लास बघ, एटू क्लासवर ३५ किलोवॅटपर्यंतचीच बाईक चालवता येते.

टॅक्सचं ऐकून हसशील, गाडीचा टॅक्स तिथं कस्टम्सवाले घेतात, सरळ बँक खात्यातनं, म्हणून त्याचा फॉर्म पण काउंटरवरच सही करून द्यायचा. दर २५ सीसीला वर्षाला १.८४ युरो. माझी बुलेट ३४९ सीसीची, म्हणजे १४ टप्पे, वर्षाला साधारण २५ युरो. मी सीझनची प्लेट घेतलीय, मार्च ते ऑक्टोबर, त्यामुळं ते पण कमी. पण बाकीचे महिने गाडी रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही, म्हणून आत्ता ती घरमालकीणबाईंच्या शेडमध्ये चादर पांघरून झोपलीय. सोलापुरी चादर बरं का, आईनं दिलेली. आईला सांगितलेलं नाही.

नंबर मात्र मनासारखा घे. मी एमएच १३ मागायला गेलो तर आमच्या जिल्ह्यात तो आधीच गेलेला. आता बोल, कोण असेल बे हा? मी अजून पार्किंगमध्ये प्लेटा बघत हिंडतो. तुझ्याकडं सुरुवात एचबीनं होते, पुढं एमएच १३ मोकळा आहे का आजच ऑनलाइन बघ. पसंतीच्या नंबरला १०.२० आणि आधी राखून ठेवायचे २.६० युरो. प्लेट ऑफिसात मिळत नाही, शेजारी दुकानं असतात. माझ्यासमोर पत्रा दाबला, काळा रंग चढवला आणि हातात दिली तर तव्यावरनं उतरलेल्या भाकरीसारखी गरम. ती घेऊन परत वर, मग बाईनं शिक्के चिकटवले.

एजंट तिथं पण असतात, डीलर मुखत्यारपत्र घेऊन सगळं करून देतो. मी पैसे वाचवायला नको म्हणलं आणि तुला माहितीच आहे काय झालं.

आई शेंगाचटणी कुटायलीय, तुझा वेगळा डबा भरलाय. तिथं पोचलो की पोस्टानं पाठवतो. पण तू अजून त्या दोस्ताच्या खोलीत आहेस ना? दाराजवळच्या टपालपेटीवर तुझं नाव लाव, नुसतं पप्या नको, पासपोर्टवरचं, नाहीतर चटणी परत येईल आणि टॅक्सचं पत्रपण.

तुझाच,
बंड्या