पाहुणे कसले, घरचेच!

संपादक महोदय,
रविवारच्या अंकात गोरेवाडा तलावाचा फोटो छापून खाली 'सैबेरियाचे पाहुणे दाखल' असं लिहिलंय, पण फोटोतलं ते तर आपलं हळदी-कुंकू बदक आहे, बारा महिने इथंच राहणारं. चोच बघा ना, काळी, टोकाला पिवळी आणि कपाळाजवळ लाल ठिपके, नावच त्यावरून पडलंय. खरे पाहुणे म्हणजे तलवार बदक, थापट्या वगैरे, आणि गंमत म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे नरसुद्धा बरेचदा मादीसारखेच मळकट तपकिरी दिसतात, म्हणून नुसत्या रंगावर जाऊन भागत नाही, थापट्याची फावड्यासारखी चोच, पंखावरचा चमकदार पट्टा हेही बघावं लागतं. कॅप्शन टाकायच्या आधी एखाद्या पक्षीमित्राला फोटो व्हॉट्सअॅप केला असता तरी चाललं असतं.

– एक वाचक, नागपूर