नाताळची थीम : आधी लाइटचा रंग ठरवा

संपादक साहेब, नमस्कार.

डिसेंबर जवळ आला की 'नाताळसाठी घराला नवा लुक द्या' छापाचे लेख सगळीकडे सुरू होतात, तुमच्या पुरवणीतही असतात, फोटो भारी असतात आणि मी ते आवडीने वाचतेही. पण बहुतेक लेखांतली थीम म्हणजे मागच्या वर्षीचं सगळं बाद आणि नवीन सामान आणा एवढंच असतं. यंदा सोनेरी, पुढच्या वर्षी निळा-चंदेरी, मग त्याच्या पुढच्या वर्षी अजून काहीतरी. अहो, थीम ठरली की खरेदी कमी व्हायला पाहिजे ना, कारण एकदा दोन-तीन रंग पक्के केले की निम्म्या वस्तूंकडे बघायचंच कारण उरत नाही.

आणि रंगाच्याही आधी लाइट, हे कोणी लिहीतच नाही. एलईडी माळेच्या पाकिटावर बऱ्याचदा उजेडाचा रंग सांगणारा केल्विनचा आकडा असतो, 2700 च्या आसपास असेल तर पिवळसर उबदार उजेड पडतो आणि 6000 च्या पुढे गेला की पांढरा-निळसर. लाल, हिरवा, सोनेरी, लाकडी असल्या थीमला पिवळसर उजेडच लागतो, चंदेरी-निळ्या बर्फाळ थीमला पांढरा. एकाच झाडावर दोन्ही माळा गुंडाळल्या की एवढी महागाची सोनेरी सजावट मळकट दिसायला लागते आणि आपण दोष देतो बॉल्सना! माळ लावायची पण सगळ्यात आधी, खोडापासून फांदीच्या टोकाकडे, म्हणजे झाडाच्या आतून उजेड येतो. मोठे बॉल आत खोडाजवळ आणि छोटे टोकांना, एवढं केलं तरी जुनंच झाड एकदम भरलेलं वाटतं. हिरव्या झाडाला हिरव्या वायरची माळ घ्या, पांढरी वायर दिवसा फार डोळ्यांत येते.

रंग ठरवून सजावट करणं हे काही आजचं फॅड नाहीये. 1882 मध्ये न्यूयॉर्कला एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी घरच्या झाडावर पहिल्यांदा विजेचे दिवे लावले, ते 80 दिवे होते आणि लाल, पांढरा, निळा असे तीनच रंग! त्याआधी झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटवायचे, म्हणजे शेजारी पाण्याची बादली ठेवूनच सण. लाल-हिरवी जोडी तर त्याहून कितीतरी जुनी, युरोपात थंडीत बाकी सगळं उघडं-बोडकं असताना होली नावाच्या झुडपाची पानं हिरवी राहतात आणि त्यावर लाल फळं येतात, तेच लोक घरात आणून लावायचे, म्हणजे जे मिळालं त्यातूनच थीम.

आता माझी खरी तक्रार. थीमच्या नादात लोक गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा कपाटात ठेवायला लागलेत, का तर मातीच्या रंगीत मूर्ती चंदेरी थीमला मॅच होत नाहीत म्हणे! 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने पहिल्यांदा असा देखावा मांडला तेव्हा गवत घातलेली गव्हाण आणि शेजारी जिवंत बैल आणि गाढव एवढंच होतं, त्याला कुठली कलर स्कीम होती? माझं तर स्पष्ट मत आहे की गव्हाणीला थीममधून सूट द्या. फारच खटकत असेल तर झाडापासून लांब वेगळ्या कोपऱ्यात मांडा आणि वर एक छोटा पिवळा दिवा लावा, बस.

घर लहान असेल तर झाड पाहिजेच असंही नाही, भिंतीवर माळेनेच झाडाचा आकार करता येतो. निसर्ग थीम करायची तर सुकलेल्या फांद्या, पाइनचे कोन, ज्यूटची दोरी आणि कागदाचे तारे पुरतात. कागदाच्या ताऱ्यांवरून आठवलं, जर्मनीतला तो प्रसिद्ध टोकदार मोराव्हियन तारा एकोणिसाव्या शतकात शाळेतल्या पोरांना भूमिती शिकवताना तयार झालेला आहे, म्हणजे घरातली मुलं हे काम नक्की करू शकतात, तुम्ही फक्त कात्री आणि वेळ द्या.

ग्लिटर मात्र शक्यतो नकोच, महिनाभर गादीवर सापडत राहतं, आणि बहुतेक ग्लिटर हे बारीक प्लास्टिकच असतं, युरोपियन युनियनने ऑक्टोबर 2023 पासून प्लास्टिकच्या सुट्या ग्लिटरच्या विक्रीवर बंदी घातलीये ती उगाच नाही. घरात मांजर असेल तर चमचमत्या झिरमिळ्या पण लावू नका, मांजरं त्या गिळतात आणि आतड्यात अडकून ऑपरेशनपर्यंत वेळ येते, यात अतिशयोक्ती अजिबात नाही. आणि घरात वापरायची माळ बाहेर गॅलरीत लावू नका, बाहेरची वेगळी मिळते.

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत निदान एक पान तरी आधीच्याच सामानातून केलेल्या सजावटीचं छापा, वाचक आपणहून फोटो पाठवतील, आणि फोटोखाली लाइट कुठला वापरलाय ते जरूर लिहा.

आपली,
एक नियमित वाचक