शेवटच्या माणसाबरोबर चालणाऱ्या दादास

प्रिय दादा,

सकाळी देवकुंड धबधब्याच्या ट्रेकसाठी रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला गाडीतून उतरलो तेव्हा तू, आमचा गाईड, मला ‘मॅडम’ म्हणत होतास आणि मी तुला ‘अहो’. संध्याकाळी गावात परतेपर्यंत मी ‘मावशी’ झाले होते आणि तू ‘अरे दादा’. म्हणून पत्रातही अरे-तुरेच करते.

तुझा नंबर घ्यायचा राहिला, हे एक. पण पत्र असं उघड लिहिण्याचं खरं कारण निराळं आहे. त्या दिवशी आमच्यातलेच दोघं-तिघं तुझ्यादेखत म्हणाले, “वाट मळलेली आहे, देवकुंडाला गाईड कशाला हवा?” तू काही बोलला नाहीस. मीही बोलले नाही, आणि ते मला अजून खुपतंय. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता सगळ्यांसमोर बोलते.

कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. भातं पिवळी पडलेली, काही खाचरांत कापणी लागलेली. ऊन सकाळी नऊलाच ऑक्टोबरचं. धरणाच्या पाण्याकडेनं जाताना तू डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड नळ दाखवलेस. म्हणालास, “हे तुमच्या घाटावरचं, मुळशीचं पाणी. १९२७ पासून इथं त्याच्यावर वीज बनते. मग कुंडलिकेतून खाली कोलाडला जातं, तिथून रोह्याला.” तुला माहीत नव्हतं, पण माझं आजोळ मुळशी खोऱ्यातलं. सेनापती बापटांचा मुळशी धरणाविरुद्धचा सत्याग्रह आजीनं लहानपणी पाहिलेला. “आमचं शेत पाण्यात आहे,” असं ती सांगायची, तेही नेहमी वर्तमानकाळात. ते पाणी घाट उतरून इथं येतं हे मी वाचलं होतं. कुणी बोट करून दाखवलं मात्र पहिल्यांदाच.

पुढे जंगलात शिरल्यावर तुझा वेग मी पाहत होते. कमरेला आकडी, आकडीत कोयती, पायात साध्या चपला, आणि तरी तू कुणाच्याही पुढे जात नव्हतास. ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी साल दाखवलीस. वाटेवर आडवं विणलेलं कोळ्याचं मोठं जाळं न मोडता आम्हाला वाकून पलीकडे नेलंस. सोनकी सरत आली होती, कुर्डू मात्र ताठ उभा होता. मध्येच एक राणी पाकोळी काळ्या-निळ्या पंखांनी डोक्यावरून गेली, तर तू लगेच पोरांना सांगितलंस की ही आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे.

कुंडावर पोचलो आणि मुलं कपडे काढायला लागली. उभ्या कातळावरून पडणारी ती धार, खाली हिरवं-निळं निवळ पाणी; मोह होणारच. तू ओरडला नाहीस. एक वाळकं लाकूड उचललंस आणि धारेच्या पायथ्याशी फेकलंस. ते खाली ओढलं गेलं आणि दिसेनासं झालं. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळानं ते भलत्याच ठिकाणी, कातळाला चिकटून वर आलं. “पावसाळ्यात इथं बंदी असते तेव्हा लोक घाबरतात,” तू म्हणालास. “आता पाणी शांत दिसतं, म्हणून घाबरत नाहीत.” मुलं काठावर पाय सोडून बसली. त्यांच्या आयांनाही तुझे आभार मानायला हवेत, पण तिथं काय घडलं नाही हे त्यांना कोण सांगणार?

परतताना ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावर माझा पाय गेला. घोटा आत वळला, तो आवाज मला ऐकू आला. आम्हाला घेऊन येणारे आयोजक तोवर पुढच्या घोळक्यासोबत निघून गेले होते. त्यांचं नाव घेत नाही, पण मागे कोण राहिलं हे त्यांनी मोजलं नाही. तू मोजलं होतंस.

मी बूट काढायला लागले, तर तू हात धरलास. “मावशी, काढू नका. सूज आली की परत पायात जायचा नाही.” खांद्यावरचा टॉवेल ओढ्यात भिजवून, पिळून, बुटावरूनच घोट्याभोवती आडवा-तिडवा आवळलास. मग वाळका बांबू तोडून आणलास. एवढं कुणीही केलं असतं, असं वाटेल. पण त्यानंतर तू खाली बसलास आणि जिथं माझी मूठ येणार होती तिथली पेरं कोयतीनं तासत राहिलास. बोट फिरवून बघितलंस, पुन्हा तासलंस. दुखणं पायाचं होतं, आणि तू तळहाताचा विचार करत होतास.

एरवी दीड-दोन तासांची ती वाट आपल्याला साडेतीन तास लागली. सूर्य डोंगराआड गेला तशी मी घाई करायला लागले. “तुला उशीर होतोय, घरी वाट बघत असतील,” असं सारखं म्हणत होते. तू म्हणालास, “अंधार काय खातोय होय आपल्याला? बसत बसत जाऊ.” आणि खरंच, मला बसावंसं वाटायच्या आधी तूच कुठल्यातरी झाडापाशी थांबायचास. इथं शेकरूचं घरटं आहे, इथून धरण छान दिसतं, अशी कारणं काढायचास. तिसऱ्या थांब्याला मला कळलं की ती कारणं माझ्यासाठी होती. साठी उलटल्यावर घरातली माणसंही इतक्या हळुवारपणे थांबत नाहीत रे.

तुझ्या आईनं अंगणात पेंढ्यावर बसवलं, आंबेहळद उगाळून कोमट लेप लावला आणि तांदळाची भाकरी ताटात वाढली. मी लंगडत आले म्हणून तिनं जराही गडबड केली नाही. लेक रोज एखादं माणूस असं घरी आणत असावा, तशी ती वागली.

एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, अस्थिबंध ताणलाय. तीन आठवडे पट्टी. डॉक्टरांनी विचारलं, “बूट काढू नका हे कुणी सांगितलं?” मी तुझं वर्णन केलं.

ज्यांना गाईडचे पैसे जास्त वाटतात त्यांनी हे वाचावं. आम्ही वाट दाखवायचे पैसे दिले होते. तू मला परत आणलंस, त्याचा हिशोब झालेलाच नाही.

काठी दाराआड उभी आहे. टॉवेल धुऊन, घडी करून ठेवलाय. पाय धड झाला की दोन्ही घेऊन भिऱ्याला येईन. काठी दाखवायला आणेन, परत द्यायला नाही. आईला सांग, आंबेहळदीचे दोन कंद माझ्यासाठी ठेव, कुंडीत लावायचेत.

तुझी,
मागे राहिलेली मावशी