क्योतोतल्या सान्नेनझाका या दगडी उताराच्या पायऱ्यांवरच्या आजींस

आजी, सादर नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुमच्याकडून घेतलेला कप ज्यात गुंडाळला होता त्या कागदावर दुकानाचा पत्ता होता, म्हणून पत्र तरी पाठवता येतंय. याची जपानी प्रत तुमच्या हाती पडेलच, पण माझ्या भाषेत, माझ्या माणसांसमोर हे बोलल्याशिवाय मला राहवेना.

मी नोव्हेंबरात त्या पावसात पायऱ्यांवर पडलेल्या बाईंची मुलगी. आई अडुसष्ट वर्षांची. चार दिवस क्योतो पायी बघायचं हा तिचाच हट्ट. आमच्या शहरातल्या एका सहल कंपनीनं मराठी बोलणारा वाटाड्या द्यायचं कबूल करून पूर्ण पैसे घेतले होते. पहिल्याच सकाळी निरोप आला, माणूस येणार नाही, नकाशा पाठवतो. त्यानंतर फोन उचलला नाही. आई म्हणाली, पाय आपलेच आहेत ना, चल.

आणि चाललो. गिंकाकु-जी देवळापासून कालव्याच्या कडेनं दोनेक किलोमीटर, नानझेन-जीपर्यंत. तिथं देवळाच्या आवारातच विटांच्या उंच कमानींवरून बिवा सरोवराचं पाणी वाहतं. १८८८ सालचं बांधकाम. आई खाली उभी राहून कितीतरी वेळ वर बघत होती. तिसऱ्या दिवशी कियोमिझु-देराचं देऊळ. तेरा मीटर उंचीचा तो लाकडी सज्जा, दरीपलीकडे झाडीतून डोकावणारा कोयासुचा तीन मजली मनोरा. सुखरूप बाळंतपणासाठी बायका तिथं नवस बोलतात आणि सान्नेनझाकाचं दुसरं नावही त्यावरूनच पडलं असं म्हणतात, हे ऐकून आईनं तिथूनच हात जोडले. मग उतरताना ओल्या दगडावर तिचा पाय सरकला.

लोक बाजूनं जात होते. एकानं तर फोटोत येतोय म्हणून आम्हाला सरकायची खूण केली. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला, या वेळी लागला. पलीकडून सांगितलं, दवाखान्याची पावती जपून ठेवा. तेवढ्यात तुम्ही दुकान तसंच उघडं टाकून छत्रीशिवाय आलात.

तुम्ही आईला आत बसवलंत, गुडघ्यावर गार पट्टी ठेवलीत, चहा दिलात. याचे आभार आहेतच. पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं. आईचा हात थरथरत होता. तुम्ही बघितलंत, आणि गल्ल्यामागून तुमच्या किल्ल्यांचा जुडगा काढलात. त्याला अंगठ्याएवढा एक भोपळा होता, लाल दोऱ्यात, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. गाठ जुनी, ओली, सुटेना. तुम्ही नखानं, मग सुईनं ती सोडवत बसलात. दारात गिऱ्हाईक उभं होतं, तुम्ही मान वर केली नाहीत. भोपळा आईच्या तळव्यावर ठेवून तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटलीत आणि एकच शब्द बोललात, ‘ओमामोरी’, म्हणजे रक्षणाचा ताईत. मी पैसे काढले तर दोन्ही हात हलवून नको म्हणालात. कपाचे तेवढे घेतलेत.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात नाश्त्याला आपल्याकडचंच एक जोडपं भेटलं. गृहस्थ म्हणाले, “सान्नेनझाकावर पडलात? अहो, तिथं पडलेला माणूस तीन वर्षांत जातो म्हणतात!” माझ्या हातातला चमचा खाली पडला. आईनं पर्समधून भोपळा काढला. “आणि यावर हे असतं का?” त्यांनी मान डोलावली. पडलेल्याचं संकट भोपळ्यात जातं, त्या उतारावर तो विकायलाही असतो म्हणे. आई एवढंच म्हणाली, “तरी त्यांनी मला सांगितलं नाही.”

आजी, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. उतारा हातात दिलात आणि भीती स्वतःपाशी ठेवलीत. आमच्याकडे काळजीपोटीसुद्धा माणसं आधी वाईट तेच बोलून मोकळी होतात. मीही त्यातलीच. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले की हल्ली मला तुमचे ते मिटलेले ओठ आणि गाठीवरची नखं आठवतात.

आईचा गुडघा बरा आहे. भोपळा तिच्या घराच्या किल्ल्यांना आहे. तुमचा जुडगा मोकळा राहिला याची तिला रुखरुख लागली होती, म्हणून तिनं लोकरीचा एक लाल गोंडा विणलाय. पाकिटात ठेवला आहे. गाठ सैलच मारा, असं सांगायला सांगितलंय तिनं.

आपली कृतज्ञ,
त्या बाईंची मुलगी