स्मार्ट, प्रीपेड, टीओडी: बातमीत नीट लिहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

विजेच्या मीटरच्या बातम्या सारख्या येतायत आणि त्यात स्मार्ट, प्रीपेड, टीओडी हे शब्द असे एकमेकांत मिसळून छापतात की विचारू नका. मी वायरिंगची कामं करतो, ज्या घरी जाईन तिथं हाच प्रश्न, आमच्याकडे नक्की कुठला बसवलाय हो? म्हणून लिहितोय.

प्रीपेड हा मीटरचा वेगळा प्रकार नाहीच. आयएस १६४४४ या स्टँडर्डचा स्मार्ट मीटर (रिडिंग आपोआप पाठवणारा) पोस्टपेडवर पण चालतो आणि प्रीपेडवर पण, वीज कंपनीच्या ऑफिसच्या सिस्टिममधून मोड बदलता येतो, मीटरला हात लावायचीही गरज नाही. टीओडी (टाइम ऑफ डे) म्हणजे कुठल्या वेळात किती युनिट जळाले ते वेगवेगळं नोंदणं, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची वीजदरातली सवलत त्यावरूनच निघते, आणि ते कामसुद्धा हाच मीटर करतो. जून २०२४ मध्ये ऊर्जामंत्री फडणवीस म्हणाले की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, मग टीओडी नावाने मीटर बसायला लागले, लोक चिडणारच ना. पण नावावरून भांडून काय मिळणार, विचारायचं असेल तर हे विचारा की माझं कनेक्शन पोस्टपेडच राहणार का आणि उद्या बदललं तर आधी माझी संमती घेणार का. पत्रकारांनी हे विचारून छापावं.

दुसरं, "मीटर फास्ट पळतो" ही तक्रार. मोजणारा भाग वेगळा आणि रिडिंग पाठवणारा भाग वेगळा, तो आरएफ (रेडिओ लहरी) किंवा सिमकार्डवर चालतो. रेंज गेली म्हणून युनिट वाढत नाहीत, रिडिंग मीटरच्या मेमरीत राहतं आणि रेंज आली की जातं. घोळ होतो तो बिलात, रिडिंग पोचलं नाही की सरासरीने बिल काढतात, पुढच्या महिन्यात खरं रिडिंग आलं की राहिलेले युनिट एकदम अंगावर येतात आणि मग म्हणायचं मीटर जंप झाला.

शंका असेल तर घरीच बघता येतं. मीटरवर लाल लाइट लुकलुकते, शेजारी आकडा असतो, समजा ३२०० इम्प/केडब्ल्यूएच, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज पण, आणि फक्त हजार वॅटचा पाण्याचा रॉड लावा (बादलीत पाणी असूद्या, आणि रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका!). मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला पाहिजे, व्होल्टेज कमी असलं तर ५० च्या आसपास, आमच्या भागात संध्याकाळी तसंच असतं. ७०-८० आले तर मात्र आधी बाकीचं खरंच बंद आहे का बघा, नंतर मीटर टेस्टिंगचा अर्ज द्या.

आणखी एक गंमत, डिस्प्लेवर आकडे फिरत असतात त्यातला केव्हीएएच चा आकडा (एकूण खेचलेली वीज, त्यातली खरी कामाला आलेली ती केडब्ल्यूएच) लोक फोटो काढून दाखवतात, बघा बिलापेक्षा जास्त आहे. तो केडब्ल्यूएच पेक्षा कमी कधीच नसतो, मोटर-पंप असेल तर जास्तच येणार, पण घरगुती बिल केडब्ल्यूएच वर असतं, केव्हीएएच वर बिल एचटी (उच्चदाब) सारख्या मोठ्या कनेक्शनवाल्यांना येतं. सोलरवाल्यांचं तर अजून वेगळं, तिथं इम्पोर्ट (कंपनीकडून घेतलेली वीज) आणि एक्स्पोर्ट (कंपनीला दिलेली) असे दोन आकडे असतात आणि घाईत नेमका चुकीचा वाचला जातो.

माझी मागणी साधी आहे. डिस्प्लेवर आकड्याचं जे नाव येतं तेच बिलावर छापा, आणि रिडिंग मीटरमधून आपोआप आलं, माणसाने घेतलं की सरासरीने लावलं तेही मोठ्या अक्षरात लिहा. आणि संपादक साहेब, तुमच्याकडे "अमुक किलोवॅट वीज वापरली" असं छापतात ते पण बंद करा, किलोवॅट हा लोड झाला, वापर युनिटमध्ये लिहायचा.

आपला,
एक वायरमन वाचक, इचलकरंजी