बुडापेस्टच्या दोन नंबरच्या ट्राममधल्या नेनींना

प्रिय नेनी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुमच्याकडे वयाने मोठ्या बाईला नेनी म्हणतात, म्हणजे आमच्याकडचं मावशी-काकू-आजी सगळं त्यात आलं, हे मला त्या संध्याकाळी हॉटेलातल्या रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, म्हणून नेनीच म्हणते. आणि हे पत्र मराठीत लिहितेय कारण आईचं म्हणणं आहे की तुम्हाला मराठी समजतं. मी शंभरदा सांगितलं, अगं त्यांना एक शब्द कळला नसणार, तर म्हणते "तुला काय माहीत, तू येईस्तोवर आमचं सगळं बोलून झालं होतं". तुम्हाला दोन मुलं, त्यातलं एक लांब कुठेतरी असतं, आणि मिस्टर नाहीत. हे सगळं तिला कसं कळलं ते देव जाणे. पण चुकीचं असेल असंही आता वाटत नाही.

तुमच्या बाजूने तुम्हाला एवढंच दिसलं असेल की ट्राममध्ये साडीवर जाडजूड जॅकेट आणि डोक्याला कानटोपी घातलेली एक बाई खिडकीकडे बघून हात जोडतेय आणि नंतर दाराकडे बघून घाबरलीये. आमच्या बाजूने काय झालं ते सांगते.

आई वाईची. माझ्याकडे म्युनिकला तीन महिन्यांसाठी आलीये, आणि जानेवारीत घरात बसून बसून तिचं डोकं फिरायला लागलं म्हणून मी तीन दिवसांची बुडापेस्टची ट्रिप काढली. ट्रेनने सात तास, बदलाबदली नाही, नाताळची गर्दी ओसरलेली त्यामुळे हॉटेल स्वस्त. थंडीचं मी तिला नीट सांगितलंच नव्हतं हे कबूल करते. संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते, तिच्या पर्समध्ये तिळगुळाची डबी होती, आणि बाहेर उणे चार.

सकाळी पार्लमेंट बघितलं, बाहेरूनच. मी गाईडगिरी करत होते, की घुमट बरोबर ९६ मीटर उंच ठेवलाय कारण मॅग्यार म्हणजे हंगेरियन लोक इथे ८९६ साली आले असं धरतात, आणि तिकडच्या बॅसिलिका चर्चचा घुमटही तेवढाच, कोणी कोणापेक्षा मोठं नको म्हणून. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं झाडतं कोण?"

मग नदीकाठाने चालत त्या बुटांपाशी गेलो. तुम्ही तिथल्याच, तुम्हाला काय सांगायचं, पण आईला मी आधी काही सांगितलं नव्हतं, तिला वाटलं कोणीतरी बूट काढून नदीत उतरलंय. साठ जोड, लोखंडी, २००५ साली बसवलेले, काही टाचांचे, काही कामगाराचे असतात तसे, मध्येच एक लहान मुलाचा जोड, त्यात कोणीतरी मेणबत्ती ठेवलेली आणि ती विझलेली. आई म्हणाली, "आणि माणसं कुठं गेली?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना इथे काठावर उभं करायचे, आधी बूट काढायला लावायचे कारण बुटांना किंमत होती, मग गोळ्या, आणि खाली नदी. हे मराठीत आईला सांगताना मला शब्दच सापडेनात, म्हणजे शब्द साधेच आहेत, पण तोंडातून निघेनात. आईने हातमोजे काढले, हात जोडले. हातमोजे घालून कोणी नमस्कार करतं का, असं तिचं. ते हातमोजे तिथेच काठावर राहिले हे आमच्या दोघींच्याही लक्षात आलं नाही.

ट्राममध्ये ती गप्प होती. वाईची माणसं नदी दिसली की हात जोडतातच, कृष्णामाई असो नाहीतर दुसरी कोणती, पण खिडकीतून डॅन्यूबला तिने जो नमस्कार केला तो नेहमीचा नव्हता. तुम्ही समोरच्या सीटवर होतात, चाकांची पिशवी, त्यातून कांद्याच्या पातीसारखं काहीतरी बाहेर आलेलं. मी तुमच्याकडे एकदाच बघितलं असेन, तुम्ही मात्र आईकडे बघत होतात हे मला आठवतंय.

विगादोला उतरून जुनी मेट्रो पकडायची होती. आता त्या दोन नंबरच्या ट्राम किती सुंदर पिवळ्या वगैरे आहेत, फोटोला छान, पण त्यांच्या पायऱ्या काय उंच आहेत हो! मी बॅग घेऊन आधी उतरले, वळून आईला हात द्यायला, तिने गुडघा धरून एक पाय खाली टाकायला घेतला तेवढ्यात मागून दोन टूरिस्ट घुसले, ती मागे सरकली, आणि दार बंद. ट्राम निघाली. मी काचेवर हात मारला, ओरडले, तेही मराठीत, "आई उतर" म्हणून, म्हणजे कुठून उतरणार होती ती. तिचा फोन माझ्या पर्समध्ये. हॉटेलचं नाव तिला सांगून ठेवलं नव्हतं. पासपोर्ट माझ्याकडे. तिच्याकडे काय, तर तिळगूळ.

मी पळाले. पंचेचाळीस वर्षांची बाई बर्फाच्या बुटात जेवढी पळू शकते तेवढी. रुळांच्या बाजूने सरळ, एका ठिकाणी घसरून बसले, उठले, परत पळाले, डोक्यात एकच, पुढच्या स्टॉपला नाही उतरली तर ही ट्राम शेवटी जाते कुठे हेसुद्धा मला माहीत नाही. तो पुढचा स्टॉप एर्झेबेत पुलापाशी, १५ मार्च चौक, १८४८ च्या तुमच्या क्रांतीची तारीख, हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा फक्त पांढरा पूल दिसला आणि त्याच्या अलीकडे तुम्ही दोघी.

हे चित्र मी विसरणार नाही. तुमचे ते गडद हिरव्या लोकरीचे हातमोजे, त्यातला उजवा आईच्या उजव्या हातात, डावा तुमच्या डाव्या हातात, आणि मधले दोन उघडे हात एकमेकींत धरलेले. चाकांची पिशवी आईच्या पायाशी, म्हणजे गाडी-सायकल आली तर आधी पिशवीला लागेल अशी. आणि आई, जिला मी रडताना बघायला घाबरत होते, ती काहीतरी सांगत होती तुम्हाला. मी धापा टाकत पोचले तर मला म्हणते, "अगं किती पळतेस, पडशील."

तुम्ही मला हंगेरियनमध्ये बरंच काही सुनावलंत. ते मात्र मला शब्दन् शब्द कळलं. बरोबरच होतं.

फोनवर ट्रान्सलेट ऍप काढून मी विचारलं तेव्हा कळलं की तुम्हाला खरंतर एक स्टॉप पुढे उतरायचं होतं, मंडईला. म्हणजे आईसाठी तुम्ही उणे चारात आधीच उतरलात आणि उभ्या राहिलात, मी येईन की नाही याची काही खात्री नसताना. मी कोसोनोम कोसोनोम करत होते, एवढा एकच शब्द येत होता, तर तुम्ही हात उडवून पुढची ट्राम दाखवलीत, चला म्हणून.

ती मंडई बघायची आमच्या यादीत होती, पण तुमच्याबरोबर बघितली ते वेगळंच. १८९७ ची इमारत, लोखंडी खांब, वर रंगीत कौलं, आत शिरलं की ऊब. वरच्या मजल्यावर सगळे टूरिस्ट लांगोश म्हणजे ती तळलेली रोटी खायला रांग लावून, तुम्ही तिकडे बघितलंसुद्धा नाही, आम्हाला सरळ खालच्या एका पापरिकावाल्याकडे नेलंत. लाल माळा टांगलेल्या. तुम्ही चिमूटभर पूड आईच्या तळहातावर ठेवलीत, तिने वास घेतला, जिभेवर टेकवली आणि निकाल दिला, "ब्याडगी आहे. रंग भरपूर, तिखट काही नाही." तुम्ही जणू तेच ऐकायची वाट बघत होतात अशा हसलात आणि दुसरी पुडी उघडायला लावलीत. पहिली एदेश म्हणजे गोडी, दुसरी चीपोश म्हणजे तिखट. दुसरीवर आई म्हणाली, "हां, आता बोला." अर्धा किलो घेतली आम्ही. आमच्याकडे मिरची पोर्तुगीजांनी आणली, तुमच्याकडे तुर्कांच्या वाटेने आली, आणि मूळ दोघींचंही अमेरिकेत, त्यामुळे मिरची आमचीच असा आईचा जो दावा होता तो मी तिथे खोडला नाही. तुमच्या सेगेद गावात सेंट-ज्योर्जी नावाच्या शास्त्रज्ञाने याच पापरिकातून क जीवनसत्त्व काढलं आणि त्यांना १९३७ चं नोबेल मिळालं हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? मिरचीच ती."

मग तुम्ही तो खसखशीचा रेतेश, म्हणजे पातळ पापुद्र्यांची गुंडाळी, घेऊन दिलात. पैसे देऊ दिले नाहीत. काळी खसखस बघून आई आधी जरा बिचकली, आमच्याकडे पांढरी असते, अनारशावर लावतात, पण एक घास खाल्ला आणि तिने लगेच पर्समधून ती डबी काढली. "तिळगूळ घ्या, गोड बोला." उभ्या मंडईत, मटणाच्या दुकानासमोर. तुम्ही एक लाडू तोंडात टाकलात, एक रुमालात बांधलात. तो कोणासाठी बांधलात हे आईला माहितीये म्हणे. मी विचारलं नाही.

मी सेचेनी बाथला, म्हणजे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांवर, जाणार म्हटल्यावर तुम्ही आधी स्वतःचा गुडघा चोळून दाखवलात, मग आईच्या गुडघ्यावर हात ठेवलात आणि मान हलवलीत, जा म्हणून. आईने त्याआधी "मी नाही बाई सगळ्यांदेखत पाण्यात उतरणार" असं तीन दिवस लावलं होतं. मी समजावून थकले होते. तुमच्या एका हाताने काम झालं.

तर कळवायचं म्हणजे, आम्ही गेलो. तुमची ती १८९६ ची मेट्रो आईला भारी आवडली, जमिनीच्या अगदी खालीच, पायऱ्या कमी, डबे छोटे, टाइल्सची स्टेशनं. "हिला मेट्रो का म्हणतात, ही तर खेळण्यातली." बाथमध्ये आई पायापर्यंतचा स्विमिंग ड्रेस आणि वर माझा टीशर्ट घालून उतरली. पिवळ्या इमारतीच्या मधोमध उघड्यावर वाफाळतं पाणी, केसांवर गारठा, गळ्याखाली ऊब, आणि खरंच काही आजोबा पाण्यात बुद्धिबळ खेळत होते. "वज्रेश्वरीच की," म्हणाली, "फक्त देऊळ नाही." तासभर बाहेर यायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी परत गेलो. गुडघा पूर्ण बरा झाला असं काही मी म्हणणार नाही, पण परतीची ट्रेन पकडायला केलेती स्टेशनच्या पायऱ्या ती माझा हात न धरता चढली.

आता मुख्य गोष्ट. मंडईबाहेर पडलो तेव्हा तुम्ही परत तो उजवा हातमोजा आईच्या हातात चढवलात. ट्राम आली, तुम्ही आईला आधी चढवलंत, मला मागून, या वेळी मुद्दामच बहुतेक, दाराजवळच्या एका कॉलेजच्या पोराला काहीतरी बजावलंत (त्याने विगादोला खरंच आईला दोन्ही हातांनी धरून उतरवलं), आणि दार बंद झालं. तुम्ही उघडा हात हलवत होतात. तेव्हा आईच्या लक्षात आलं.

आम्ही दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मंडईत गेलो होतो, पापरिकावाल्यापाशी अर्धा तास उभ्या होतो. तुम्ही आला नाहीत. हातमोजा म्युनिकला आलाय. आईने तो धुवू दिला नाही मला, थोडी पापरिका लागलीये तशीच आहे. त्या दिवसापासून तिचं एकच चाललंय, की भर थंडीत त्या बाईचा उजवा हात उघडा पडला. तेवढ्यासाठी तिने लोकर आणायला लावली, अगदी तसा हिरवा मिळाला नाही, जरा उजळ आहे. मी म्हटलं, अगं पाठवणार कुठे, पत्ता नाही, नाव नाही, मापसुद्धा नाही. तर म्हणाली, "माप आहे माझ्याकडे, हात धरला होता की."

चार बोटं विणून झालीत. अंगठा राहिलाय.

तुमची,
दोन नंबरच्या ट्राममधून आधी उतरलेली